आधी एल, मग एच: माझ्या २० सीसी पेट्रोल इंजिनाचा अनुभव

मॉडेल विमानासाठी घेतलेलं पेट्रोल इंजिन चालूच होत नाही, म्हणून माळ्यावर पडून आहे, असं सांगणारे हौशी लोक मला ठाण्यात आणि इकडे नवी मुंबईतही भेटतात. चौकशी केली की बहुतेक वेळा कळतं, इंजिनात बिघाड काहीच नाही. ट्यूनिंगला कुठून हात घालायचा हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि कार्ब्युरेटरच्या दोन्ही सुया (कमी वेगाचं इंधन ठरवणारी एल आणि जास्त वेगाचं ठरवणारी एच) आलटूनपालटून फिरवून सगळा घोळ झालेला असतो. माझं डीएलई-२० हे इंजिन आता हाताच्या एक-दोन झटक्यांत सुरू होतं आणि आयडलवरून, म्हणजे सगळ्यात मंद वेगावरून, फुल थ्रॉटलला न अडखळता जातं. ते कसं जमलं, ते लिहिते.

ऐरोलीत आमच्या सोसायटीत हे इंजिन सुरू करणं शक्यच नव्हतं. २० सीसीचं टू-स्ट्रोक, मफलर असला तरी आवाज दणदणीत, आणि पुढे १६ इंची पंखा. रबाळे एमआयडीसीत बाबांच्या ओळखीच्या एका काकांचं लेथचं वर्कशॉप आहे. रविवारी तिथे सामसूम असते. काकांनी उमेदीची वर्षं लुना आणि चेतकची इंजिनं खोलण्यात घालवलेली. "टू-स्ट्रोक आहे ना? मग ये घेऊन," एवढंच म्हणाले. वर्कशॉपच्या मागे एक लोखंडी खांब रोवलेला आहे. विमानाची शेपटी त्याला दोरीने बांधली, शिवाय धाकट्या भावाला पंखांच्या मागे बसवून विमान धरायला लावलं. दोरी असली तरी माणूस हवाच. १६ इंची पंखा मिनिटाला ७,७०० फेरे घेतो तेव्हा त्याचं टोक ताशी जवळपास ५९० किलोमीटर वेगाने फिरत असतं. पंख्याच्या रेषेत, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना, कुणीही उभं राहायचं नाही हा नियम मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितला आणि काकांनी तो आपल्या माणसांकडूनही पाळून घेतला.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे. या इंजिनाला ३०:१ मिश्रण लागतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला साधारण ३३ मिली टू-स्ट्रोक ऑइल. ऑइल मी सिरिंजने मोजते, अंदाजाने ओतत नाही. पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्येच आणते. आता पंपावर मिळतं ते ई-२०, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेरा पटच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. माहितीपत्रकातल्या सेटिंगवर सुया ठेवल्या तर आपल्याकडे इंजिन लीन, म्हणजे इंधन कमी पडून, चालतं, तापतं आणि रेस दिली की मान टाकतं. दुसरी गोष्ट, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत अर्धा कॅन पेट्रोल महिनाभर झाकण सैल ठेवून पडलं, तर ते मॉडेल इंजिनात घालण्याच्या लायकीचं राहत नाही. मी लागेल तेवढंच आणते, उरलेलं स्कूटरच्या टाकीत जातं.

काकांनी कार्ब्युरेटर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "अगं, ह्याला फ्लोट कुठाय?" फ्लोट नसतोच. स्कूटर सरळ उभी चालते. विमान उलटं होतं, कुशीवर वळतं, नाक वर करून चढतं. म्हणून या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीच्या इंजिनासारखे पातळ पडदे असतात. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पंपासारखा हलतो आणि टाकीतलं पेट्रोल खेचतो, दुसरा पेट्रोल किती आत सोडायचं ते ठरवतो. दुसऱ्या पडद्यावरच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते बुजलं तर मिश्रण बिघडतं. काकांनी ते भिंगातून पाहिलं आणि मग मान डोलावली.

स्पार्क आधी तपासला. प्लग काढून कॅपमध्ये घट्ट बसवला, प्लगचं अंग इंजिनाला टेकवलं आणि पंखा फिरवला. निळी ठिणगी स्वच्छ दिसली. प्लग कॅपमध्ये नसताना इग्निशन चालू ठेवून पंखा फिरवू नये, सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, जळू शकतं. प्लगची गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवली. रिमोटच्या एका स्विचवर इग्निशन बंद करण्याची सोय केली होती, ती इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. थ्रॉटल अडकला तर तोच एक आधार असतो.

मग चोकची झडप बंद (म्हणजे चोक लावलेला), इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि जाड चामड्याचा हातमोजा घालून पंखा समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायला सुरुवात केली. नव्या कार्ब्युरेटरचे पडदे कोरडे असतात, त्यामुळे पेट्रोल नळीतून पुढे सरकायला वेळ लागतो. इथे धीर सोडायचा नाही. पण आमच्या नळीत पेट्रोलसोबत बुडबुडेही येत होते. टाकीकडची बाजू ठीक होती. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नळी किंचित सैल बसली होती आणि तिथून हवा आत खेचली जात होती. काकांनी तांब्याची बारीक तार दोन वेढे देऊन आवळली. नळी पेट्रोलला टिकणारीच हवी. मेथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडते.

बुडबुडे थांबले. थ्रॉटल आयडलपेक्षा किंचित वर ठेवला, इग्निशन चालू, चोक बंद, आणि जोरात झटके. 'फट्' असा एकच आवाज आला. हाच इशारा. त्यानंतर चोक उघडायचा, नाहीतर प्लग ओला होतो आणि मग तो काढून वाळवण्यात सकाळ जाते. चोक उघडला, पंखा फिरवला आणि इंजिन निळा धूर सोडत सुरू झालं. सीडीआय कमी वेगाला ठिणगी उशिरा टाकतो, म्हणून उलटा झटका बसत नाही आणि हाताने सुरू करता येतं. तरीही हातमोजा उतरवायचा नाही.

इथून पुढे बहुतेक जण एच सुईला हात घालतात, म्हणजे फुल थ्रॉटलच्या सुईला, कारण रेस दिल्यावर जो जोर जाणवतो तो हवाहवासा असतो. माझं मत ठाम आहे: आधी एल. या कार्ब्युरेटरमध्ये एल सुईकडून येणारं पेट्रोल फुल थ्रॉटललाही वाहत असतं. एल हलवली की एचचं गणित बदलतं. एच आधी लावून बसलात तर तेच काम दोनदा करावं लागतं.

दोन्ही सुया बंद स्थितीपासून दीड फेऱ्याच्या आसपास उघडून सुरुवात केली होती. इंजिन मिनिटभर गरम होऊ दिलं, मग आयडलवर अर्धा मिनिट ठेवलं आणि थ्रॉटल एकदम उघडला. इंजिन घुटमळलं आणि बंद पडलं. ही लीनची खूण. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून, पंख्याच्या मागे बसून, एल थोडीशी उघडली. थोडीशी म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची खूण घड्याळाच्या बारावर धरली तर उलट दिशेने साडेदहावर येईल एवढी. पुन्हा सुरू, पुन्हा आयडल, पुन्हा झटका. हळूहळू घुटमळणं गेलं. पण एका टप्प्यानंतर आयडलला धूर वाढला आणि रेस देताना आवाज फाटल्यासारखा, अडखळत यायला लागला. काका दारातूनच म्हणाले, "रिच झालं, फोर-स्ट्रोक मारतंय." म्हणजे इंधन जास्त झालं आणि इंजिन एकाआड एक फेऱ्यालाच पेटत होतं. एल किंचित बंद केली. आता थ्रॉटल कितीही झटक्याने उघडला तरी इंजिन एका सुरात वर जात होतं. आयडल १,८०० च्या आसपास स्थिर. काकांनी पुन्हा पुन्हा थ्रॉटल उघडायला लावला आणि दर वेळी डोळे मिटून ऐकलं. त्यांचा कान टॅकोमीटरपेक्षा (पंख्याचे फेरे मोजणाऱ्या मीटरपेक्षा) आधी सांगतो, हे मी त्या सकाळी पाहिलं.

टॅकोमीटर वापरण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. तो ट्यूबलाइटकडे धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांच्या सेटिंगवर आकडा ३,००० यायला हवा. आला तर मीटर खरा. मोजणी मात्र उघड्यावर, सूर्यप्रकाशात करायची, शेडमध्ये ट्यूबखाली केली तर मीटर पंख्याऐवजी ट्यूबच मोजतो.

एचचं काम मग पटकन झालं. फुल थ्रॉटल, सुई थोडी आत, मोजायचं. फेरे वाढताहेत तोवर वाढू द्यायचे. माझ्या १६ बाय ८ च्या (१६ इंच व्यास, ८ इंच पिच) पंख्यावर ते ७,७०० च्या आसपास जाऊन थांबले. तिथून सुई पुन्हा बाहेर, फेरे साधारण २०० ने उतरेपर्यंत. हे २०० फेरे सोडायला मन तयार होत नाही, पण ते सोडायचेच. हवेत विमान पुढे जात असतं, पंख्यावरचा भार कमी होतो, फेरे आपोआप वाढतात आणि इंधनाची गरजही. जमिनीवर टोक गाठून ठेवलेलं इंजिन हवेत लीन होतं, तापतं आणि नेमकं चढताना बंद पडतं. एच लावल्यावर एलची परीक्षा पुन्हा घेतली. शेवटी भावाने आणि काकांनी विमान दोन्हीकडून घट्ट धरून नाक आभाळाकडे केलं, फुल थ्रॉटल. आवाज बसला नाही, उलट किंचित चढला. पास. काउल, म्हणजे इंजिनावरचं आवरण, बसवल्यावर सगळं पुन्हा तपासायला लागलं, कारण आतला हवेचा दाब त्या बारीक भोकाशी खेळतो. काउलमधून गरम हवा बाहेर जायची जागा आत येणाऱ्या जागेच्या दुप्पट तरी ठेवा.

उडवायला आम्ही मुरबाडकडे जातो. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येण्याजोगी हवाई हद्द, नसतो, ८ ते १२ च्या पट्ट्यात तो २०० फुटांपर्यंतच असतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आहेत, त्यामुळे उलवे-पनवेलच्या बाजूला मॉडेल काढायचा विचारही करू नये. निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा उघडून बघा. मुरबाडच्या माळावर पहाटेची हवा थंड आणि कोरडी होती. अशी हवा घट्ट असते, तिला इंधन जास्त लागतं. एच अगदी थोडी उघडली आणि मग उडवलं. उतरल्यावर प्लग काढून पाहिला, टोक फिकट तपकिरी. काळा ओलसर निघाला असता तर रिच, पांढरट निघाला असता तर लीन.

घरी यायच्या आधी टाकी रिकामी करते आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत आयडलवर चालवते. ई-२० आत राहिलं की पडदे कडक होतात, आणि पुढच्या खेपेला सुया कितीही फिरवल्या तरी इंजिन दाद देत नाही.