पिंग चालू, पोलिंग बंद

रिमोट साइटचा एखादा राउटर किंवा स्विच मॉनिटरिंगमध्ये लाल झाला की पहिला फोन ठरलेला असतो, "अहो पिंग तर येतोय, मग हे डाऊन कसं काय दाखवतंय?" आणि विचारणाऱ्याचं तसं काही चुकत नाही, पण पिंग येतोय यावरून एवढंच कळतं की आयसीएमपीचं (पिंग ज्या प्रोटोकॉलवर चालतो त्याचं) पॅकेट जाऊन परत आलं, बाकी काही नाही. मॉनिटरिंग सर्व्हर ठरावीक वेळाने डिव्हाइसला आकडे विचारतो ते पोलिंग, आणि ते होतं एसएनएमपी या प्रोटोकॉलने. एसएनएमपी जातं यूडीपीच्या (पोच न मागणाऱ्या प्रोटोकॉलच्या) १६१ पोर्टवर, ट्रॅप म्हणजे डिव्हाइसने आपणहून पाठवलेले इशारे येतात १६२ वर, आणि वाटेतला फायरवॉल, टनेलची पॉलिसी, डिव्हाइसवरची अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणत्या आयपीला उत्तर द्यायचं त्याची यादी) हे सगळे आयसीएमपीला एक वागणूक देतात आणि यूडीपीला दुसरी.

खरा वैताग असा की एसएनएमपी बिघडलं तर सांगत काहीच नाही. एसएनएमपीच्या व्हर्जन २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) चुकीची दिली तर डिव्हाइस "पासवर्ड चुकलाय" वगैरे म्हणत नाही, पॅकेट टाकून देतं आणि गप्प बसतं. म्हणजे दार वाजवलं तर आतून "कोण आहे" एवढंही कोणी विचारत नाही. त्यामुळे कम्युनिटी चुकली, अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये नव्या मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी घालायचा राहिला, एजंटच (डिव्हाइसमधला उत्तर देणारा प्रोग्राम) बंद आहे, फायरवॉलने अडवलं, सीपीयू शंभर टक्क्यांवर आहे, यातलं काहीही झालं तरी आपल्या स्क्रीनवर एकच ओळ, टाइमआउट नो रिस्पॉन्स. आणि इथेच लोक अंदाजपंचे सुरू करतात, टाइमआउट १ सेकंदाचा १० करतात, मग रिट्राय वाढवतात, मग सर्व्हर रीस्टार्ट, मग डिव्हाइस डिलीट करून परत अ‍ॅड. मला हे बघवत नाही. आधी पॅकेट कुठे मेलं ते शोधा ना, सेटिंगला नंतर हात लावा.

शोधायचं म्हणजे प्रश्न तीनच, क्वेरी तिथपर्यंत पोचली का, डिव्हाइसने उत्तर दिलं का, आणि उत्तर परत आलं का. मॉनिटरिंग सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावून पोर्ट १६१ बघितलं की आपली बाजू लगेच कळते. पलीकडच्या बाजूला राउटरवर कॅप्चर करता आलं तर उत्तम, नाही तर काउंटर बघायचे. सिस्कोवर शो एसएनएमपी दिलं की किती पॅकेट आत आले आणि त्यातल्या कितींची कम्युनिटी ओळखीची नव्हती हे सरळ लिहिलेलं येतं. साइटवरच्या माणसाला फोनवर ठेवून इकडून पोल मारायचा.

"सर, इनपुटचा आकडा वाढला."

"आणि खाली अननोन कम्युनिटी नेम लिहिलंय तो?"

"तो पण वाढला."

झालं, फायरवॉल टीमला मेल करायची गरज संपली. बहुतेक वेळा स्ट्रिंग एक्सेलमधून कॉपी केलेली असते आणि शेवटी एक स्पेस चिकटलेली असते, किंवा स्ट्रिंगमध्ये डॉलरचं चिन्ह असतं आणि कमांड लाइनवर सिंगल कोट न दिल्यामुळे शेल तो भाग खाऊन टाकतं. याउलट इनपुटचा आकडा हललाच नाही तर डिव्हाइसला सोडा आणि वाटेकडे बघा.

व्हर्जन ३ असेल तर अजून एक सोपी युक्ती आहे जी फार कमी लोक वापरतात. मुद्दाम खोट्या युजरनेमने एसएनएमपीगेट (ठरावीक व्हॅल्यू मागणारी कमांड) मारायचं. व्हर्जन ३ चा एजंट अनोळखी युजरला गप्प बसून टाळत नाही, अननोन युजर नेम असा रिपोर्ट परत पाठवतो. हे उत्तर आलं म्हणजे जायची वाट, यायची वाट, एजंट सगळं ठीक आहे, गडबड फक्त क्रेडेन्शियलमध्ये आहे. पासवर्ड न वापरता वाट तपासून होते.

आता उत्तर निघतं पण पोचत नाही ही जात. दोन लिंक असलेल्या साइटवर हे हमखास होतं. क्वेरी लूपबॅकच्या (राउटरच्या आतल्या कायम चालू इंटरफेसच्या) आयपीवर गेली आणि उत्तर वॅन (बाहेरच्या लिंकच्या) इंटरफेसच्या आयपीवरून निघालं, किंवा क्वेरी मेन लिंकने गेली आणि उत्तर बॅकअप लिंकने आलं, की मधला फायरवॉल म्हणतो हे कुठलं सेशन, मी तर असं काही पाठवलंच नव्हतं, आणि ड्रॉप. कॅप्चरमध्ये विचारलेला आयपी आणि उत्तर देणारा आयपी शेजारीशेजारी ठेवून बघितले तर दिसतं, नाही तर तास जातात.

आणि सगळ्यात चकवणारी केस म्हणजे एसएनएमपीगेट चालतंय, सिस्टिमचं नाव येतंय, अपटाइम येतंय, आणि वॉक (सगळी यादी ओळीने वाचणारी कमांड) मारला की इंटरफेस टेबलपाशी जाऊन अडकतो. एकदा डिव्हाइसच्या बाजूला कॅप्चर लावून बघा. छोटी उत्तरं शंभर सव्वाशे बाइटची, ती आरामात जातायत. मग गेटबल्क येतं, एका फटक्यात भरपूर ओळी मागितलेल्या असतात, आणि उत्तराचं पॅकेट होतं १४०० च्या पुढे. टनेलचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) त्याहून कमी, त्यामुळे पॅकेटचे तुकडे होतात, आणि दुसऱ्या तुकड्यावर यूडीपीचा पोर्ट नंबरच नसतो, कारण तो फक्त पहिल्या तुकड्यात असतो. मधला फायरवॉल पोर्ट न दिसणारा तुकडा टाकून देतो, आपल्याकडे पहिला तुकडा येऊन पडतो, तो एकटा काही कामाचा नाही, कर्नल थोडा वेळ वाट बघून फेकतो आणि वर मॉनिटरिंगला परत टाइमआउट. मॅक्स रिपिटिशन (गेटबल्क एका फटक्यात किती ओळी मागतं तो आकडा) १० वर किंवा अजून खाली आणा, वॉक चालायला लागतो.

पण आकडा फार खाली आणून पण चालत नाही हां. जिओस्टेशनरी सॅटेलाइटवर असलेल्या साइटचा राउंड ट्रिप साधारण ६०० मिलिसेकंद धरा. ४८ पोर्टचा स्विच, इंटरफेस टेबलचे २२ कॉलम, म्हणजे हजाराच्या वर व्हॅल्यू, आणि जुन्या पद्धतीने गेटनेक्स्ट करत एकेक मागितली तर एवढा एकच टेबल वाचायला दहा मिनिटांच्या वर लागतात. पोलिंग पाच मिनिटांचं. म्हणजे पहिला पोल संपायच्या आत दुसरा सुरू, आणि ग्राफमध्ये भोकं पडतात ती का पडतात कोणालाच कळत नाही. अशा साइटवर मी पूर्ण टेबल घेतच नाही, अपलिंक आणि दोनचार महत्त्वाचे पोर्ट एवढेच ओआयडी (प्रत्येक व्हॅल्यूचा पत्ता) थेट मागायचे. कोणाला बघायचाय कोपऱ्यातल्या रिकाम्या पोर्टचा ग्राफ?

व्हर्जन ३ चं एक दुखणं मात्र खास रिमोट साइटचंच आहे. साइटवर लाइट जाऊन आली, डिव्हाइस चालू झालं, पिंग सुरू, हाताने कमांड मारली तर एसएनएमपी पण उत्तर देतंय, आणि मॉनिटरिंग मात्र लालच. माणूस चक्रावतो. होतं असं की व्हर्जन ३ मध्ये प्रत्येक एजंट आपला इंजिन आयडी (त्याची स्वतःची ओळख), किती वेळा बूट झालो आणि त्या बूटला किती सेकंद झाले हे सांगत असतो, आणि मॉनिटरिंग सर्व्हर ते लक्षात ठेवतो. १५० सेकंदांपेक्षा जुना वाटणारा किंवा बूटचा आकडा मागे गेलेला मेसेज तो स्वीकारत नाही, कुणी जुनं पॅकेट पकडून परत पाठवू नये म्हणून ही सोय आहे. चांगलं डिव्हाइस बूटचा आकडा फ्लॅशमध्ये लिहून ठेवतं. स्वस्तातली काही डिव्हाइस लिहीत नाहीत, प्रत्येक वेळी १ पासून सुरुवात, मग सर्व्हरच्या हिशोबाने ते उत्तर शिळं. हाताने मारलेली कमांड दर वेळी कोरी पाटी घेऊन येते, नव्याने ओळख करून घेते, म्हणून ती चालते. अशा वेळी पोलर (सर्व्हरवरचा पोलिंग करणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केला की हिरवं होतं, आणि मग "रीस्टार्टने जातं" हाच उपाय म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतो. फर्मवेअर अपडेटमध्ये दुरुस्ती असेल तर करा, नाही तर त्या डिव्हाइसला व्हर्जन २सी वर ठेवून अ‍ॅक्सेस लिस्ट घट्ट करा, रीड ओन्ली.

याचाच भाऊ म्हणजे डुप्लिकेट इंजिन आयडी. एक लिनक्स बॉक्स तयार केला, त्याची इमेज काढली आणि सगळ्या साइटवर तीच टाकली, तर नेट एसएनएमपीने (लिनक्सवरच्या एजंटने) एकदा बनवलेला इंजिन आयडी पण सगळीकडे तोच जातो. मग सर्व्हरला दोघांचे बूटचे आकडे एकाच डिव्हाइसचे वाटतात, दोन साइट आळीपाळीने लाल हिरव्या होत राहतात आणि लोक लिंक फ्लॅप होतेय (सारखी पडतेय, येतेय) म्हणून प्रोव्हायडरशी भांडत बसतात. इंजिन आयडी बदलला की युजर पण परत बनवावे लागतात, कारण पासवर्डपासून तयार होणारी की त्या इंजिन आयडीला बांधलेली असते.

सगळं हिरवं असताना खोटं बोलणाऱ्या ग्राफची मला टाइमआउटपेक्षा जास्त भीती वाटते. डिव्हाइस रीबूट झालं, इंटरफेसचे इंडेक्स (नंबर) बदलले, आणि अपलिंकच्या नावाखाली आता प्रिंटरच्या पोर्टचा ट्रॅफिक दिसतोय. सिस्कोवर आयएफइंडेक्स पर्सिस्ट चालू करून ठेवा, म्हणजे नंबर तेच राहतात. बाइट मोजणारा ३२ बिटचा काउंटर पूर्ण वेगाने वाहणाऱ्या १ गिगाबिटच्या लिंकवर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटांच्या आसपास, म्हणजे पाच मिनिटांच्या पोलिंगला गिगाबिट लिंकचा आकडा निव्वळ कचरा. ६४ बिटचे काउंटर घ्यायचे, आणि ते व्हर्जन १ मध्ये मिळत नाहीत. आणि ४९७ दिवस झाले की सिस्टिम अपटाइम स्वतःच शून्य होतो आणि रीबूटचा अलर्ट येतो, तेव्हा साइटवर माणूस पाठवायच्या आधी तेवढा हिशोब करून बघा.

ट्रॅपवर तर विसंबूच नका. यूडीपी आहे, गेला तर गेला, पोच मिळत नाही. इन्फॉर्म हा ट्रॅपचाच प्रकार, त्यात पोच मिळते, पण लाइट गेल्यावर ज्या स्विचमधून तो जायचा तोच बंद पडला तर इन्फॉर्म तरी काय करणार. म्हणून यूपीएस पोल करायचा. स्टँडर्ड यूपीएस एमआयबी (यूपीएसच्या व्हॅल्यूंची ठरलेली यादी) असेल तर १.३.६.१.२.१.३३.१.२.२.० ला किती सेकंद बॅटरीवर चाललंय ते मिळतं आणि पुढच्याच ओआयडीला अजून अंदाजे किती मिनिटं तग धरेल ते, आणि हे दोन आकडे मिनिटामिनिटाला घेतले की साइट अंधारात जायच्या आधीच फोन करता येतो.