आधी नियम, मग मुलुंड

डी.एड.ला असताना मनावर एक गोष्ट पक्की ठसवली गेली होती: उद्गामी पद्धत चांगली, अवगामी, म्हणजे आधी नियम आणि मग उदाहरणं, ही जुनाट. उदाहरणं द्या, नियम मुलं शोधतील.

भूमितीत मी अजूनही तेच करते. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले की सरळ रेष होते, १८० अंश सांगावे लागत नाहीत. पण शुद्धलेखन? मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली आणखी ४ आले. माणसांनी बसून ठरवलेली गोष्ट मुलांनी कुठून शोधायची? भांडुप स्टेशनपासून शाळेपर्यंतच्या पाट्या वाचून शोधली, तर 'फुल भांडार' हाच नियम ठरेल.

म्हणून मी नियम आधी फळ्यावर लिहिते. शेवटचं अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. फूल, मूल, गरीब, वकील. पूर्वी इथंच थांबायचे. चाचणीत सगळं बरोबर यायचं आणि निबंधात 'फूलाला' दिसायचं. चूक माझी होती. नियमात बसणारेच शब्द मी निवडून द्यायचे, मग नियमाची हद्द कुठे संपते हे मुलांना कळणार कसं?

आता शब्द मुलं आणतात. मागच्या आठवड्यात सहावीला स्टेशनांची नावं तपासायला दिली. शीव बसलं, माहीम बसलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, मुलुंड सगळीकडे चुकीचं लिहिलंय!" तिचे बाबा मुलुंड चेकनाक्याला रिक्षा लावतात, पाटी रोजची डोळ्यांपुढची.

मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर दुसरा नियम लिहिला: अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल, तर इकार-उकार बहुधा ऱ्हस्व. वर्ग गप्प. मग तीच म्हणाली, "म्हणजे मुलुंड बरोबर. कुर्ला पण. चिंचपोकळी पण!" यातला एकही शब्द माझा नव्हता. हातातल्या नियमावरून तिने समोरचा शब्द पारखला. अवगामी पद्धत म्हणतात ती हीच, आणि तिला जुनाट म्हणायला मी तयार नाही.

इतक्यात एकाने विचारलं, "मग प्रगतिपुस्तकावर 'गुण' ऱ्हस्व का?"

घंटा झाली. तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, उद्या. येताना प्रत्येकाने पहिला नियम मोडणारा एक शब्द आणायचाय.