पाच महिने अमेरिका, माणशी एकच बॅग

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला राहायला निघालेल्या आई-बाबांचं सामान वाढतं ते एका चुकीच्या हिशेबामुळे. ‘पाच महिने राहायचंय’ म्हणून पाच महिन्यांचं सामान काढलं जातं. प्रत्यक्षात इथे बहुतेक घरांत, नाहीतर इमारतीत तरी, वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतो आणि धुणं आठवड्यातून एकदा-दोनदा निघतं. म्हणजे कपडे लागतात आठ दिवसांचे. मुक्काम तीन आठवड्यांचा असो की पाच महिन्यांचा, हा आकडा बदलत नाही.

इकॉनॉमीच्या बऱ्याच तिकिटांवर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. नेता येतात म्हणून त्या भरल्या जातात. पण दोघांच्या मिळून चार बॅगा म्हणजे ९२ किलो. पुढे अमेरिकेतलंच दुसरं विमान पकडायचं असेल, तर सहसा पहिल्या अमेरिकी विमानतळावर सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून घ्याव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात. शिकागोला उतरून पुढे जायचं तर हे सगळं अठरा-वीस तासांच्या प्रवासानंतर, झोप अर्धवट असताना. (अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं, त्यामुळे ही उचलठेव वाचते.) साठी ओलांडलेल्या माणसाने २३ किलोची बॅग फिरत्या पट्ट्यावरून ओढायची म्हणजे कंबरेशी वैर.

बॅग विकत घेताना आधी रिकाम्या बॅगेचं वजन विचारा. अठ्ठावीस इंची कडक कवचाची बॅग रिकामीच साडेचार-पाच किलो भरते, म्हणजे २३ पैकी पाचवा हिस्सा नुसत्या कवचाला गेला. त्याच मापाची कापडी, चार चाकांची बॅग तीन-साडेतीन किलोत मिळते. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत हवी, आणि त्या मापात चाकं आणि मूठही धरतात.

आता कपडे. स्वयंपाकघरातला किंवा बॅगेचा छोटा डिजिटल काटा घ्या आणि एकेक कपडा त्यावर ठेवून बघा, अंदाज बदलतो. सुती साडी पाचशे-सहाशे ग्रॅम, तिचा परकर आणि ब्लाउज धरून एक जोड नऊशेच्या घरात जातो. कुर्ता आणि लेगिंग मिळून साडेतीनशे-चारशे. जीन्सची एक पँट सहाशेच्या वर. म्हणून आईसाठी पाच कुर्ते, तीन सलवारी किंवा लेगिंग, दोन गाऊन आणि समारंभासाठी एकच साडी. बाबांसाठी पाच शर्ट-टीशर्ट, तीन पँटी, दोन लेंगे, एक झब्बा. आतले कपडे आठ जोड. एवढं सगळं माणशी सहा किलोंत बसतं.

प्रवासासाठी म्हणून नवे कपडे घेऊ नका, हा सल्ला थोडा दुष्ट वाटेल, पण कारण आहे. ड्रायरच्या उष्णतेत नवा सुती कपडा आटतो, आणि न धुतलेला गडद कुर्ता नातवंडांच्या पांढऱ्या मोज्यांना गुलाबी करतो. घरी चार-पाच वेळा धुतलेलेच कपडे आणावेत. अनेक वसाहतींत गॅलरीत कपडे वाळत घालायला परवानगी नसते, तेव्हा ‘मी बाहेर उन्हात वाळवीन’ हा बेत धरू नका. घडीचा स्टँड घरात उभा करता येतो, साड्या त्यावरच.

एप्रिल ते सप्टेंबर येणार असाल तर एक स्वेटर पुरे, तोही अंगावर घालून विमानात बसा, तिथे गारठा असतोच. जानेवारीत बॉस्टन किंवा मिनेसोटाला येणार असाल तर पुण्या-मुंबईत घेतलेलं जाड जॅकेट त्या थंडीला पुरणार नाही आणि बॅगेतली पाव जागा खाईल. ते इथेच घ्यावं किंवा मुलांचं वापरावं. थर्मलचे दोन जोड मात्र आणा. घरात हीटर असतो, आत साधे सुती कपडेच अंगावर राहतात. चालायचे बूट पायात, घरातल्या चपला बॅगेत, तिसरा जोड नको.

कपडे आटोपले की खरी बॅग सुरू होते, ती म्हणजे खाऊ. डाळी, पोहे, साबुदाणा, हिंग, पापड, तूप, लोणचं हे भारतीय वस्ती असलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात मिळतं. बेडेकरांचे मसालेसुद्धा मिळतात. आणण्यासारखं तेच, जे तुमच्या हातचं आहे: गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, कोकमं. दोघांत मिळून पाच-सहा किलोंवर जाऊ नये. चकल्या आणू नका. त्यांचा वाटेत चुरा होतो आणि तो होऊ नये म्हणून घेतलेला डबाच चारशे ग्रॅमचा असतो. चकलीची एक किलो भाजणी आणली तर इथे ताज्या तळता येतात. सोऱ्या मुलांकडे आहे का एवढं फोनवर विचारून घ्या, पितळी सोऱ्या बॅगेत घालू नका.

मसाला भरायची पद्धत नीट पाळली नाही तर पाच कुर्ते हळदीने माखतात. विमान उंचावर गेलं की सामानाच्या कप्प्यातला दाब कमी होतो. तिथली हवा साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ. त्यामुळे पिशवीत कोंडलेली हवा फुगते आणि कडेची शिवण सुटते. अर्धा किलो मसाल्याच्या पाव-पाव किलोच्या दोन पिशव्या करा. पिशवी तीन चतुर्थांशच भरा, टेबलावर आडवी ठेवून तळापासून तोंडाकडे हात फिरवत हवा काढा, तोंड दोनदा दुमडून चिकटपट्टी लावा. मग ती दुसऱ्या झिपच्या पिशवीत, तिचीही हवा काढून. वर इंग्रजीत ‘रोस्टेड स्पाइस पावडर’ अशी चिठ्ठी. पिशव्या कपड्यांच्या मधोमध ठेवा, कडेला नको. आणि हे चेक-इन बॅगेतच, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानातली ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर वेगळी तपासतात आणि शंका आली तर ठेवून घेतात.

काही गोष्टी आणायच्याच नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या नियमांतच बसत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं आणि मुंबईलाच बॅग उघडायला लावतात. ताजा कढीपत्ता चालत नाही, कारण त्यावर राहणारी कीड लिंबू-संत्र्यांच्या झाडांना रोग लावते आणि फ्लोरिडाच्या संत्राबागांनी तो चांगलाच भोगला आहे. तांदूळ नको, अगदी आंबेमोहोरसुद्धा, आणि हरभरेही नकोत. धान्यातला खापरा भुंगेरा इथे येऊ नये म्हणून ही बंदी आहे. आंबे, इतर ताजी फळं, पेरायचं बी, मटण-चिकनचे कोणतेही पदार्थ नकोत. सुके बोंबील कायद्याने चालतात, पण बॅगेतल्या बाकीच्या वस्तूंचा विचार करा. दुबईत उतरून दोन दिवस फिरायचं असेल तर खसखस चुकूनही नको. तिथे ती अमली पदार्थांत धरली जाते.

कस्टम्सवर ‘खायचं काही आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ द्यायचं, आणि पुढे ‘ड्राय स्पाइसेस अँड स्नॅक्स’. भाजलेलं, दळलेलं, कोरडं असेल तर सहसा अडत नाही. आधी सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती फक्त काढून घेतात. ‘नाही’ म्हणालात आणि बॅगेत सापडली तर दंड होतो. घाबरून ‘नो, नो’ म्हणण्यानेच माणसं अडकतात.

औषधांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सर्वसाधारण निकष आहे स्वतःपुरत्या तीन महिन्यांच्या साठ्याचा. त्याहून जास्त राहणार असाल तर पुढची औषधं पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मागवता येतात. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, मूळ स्ट्रिपच ठेवा. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे इथल्या डॉक्टरला कळतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नको. साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या पुरेशा आणा, कारण तुमच्या यंत्राच्या पट्ट्या इथे मिळतीलच असं नाही. चष्म्याचा दुसरा जोड आणि नंबराचा कागद आणा, इथे चिठ्ठीशिवाय चष्मा बनवत नाहीत. हे सगळं हातातल्या पिशवीत. चेक-इनची बॅग दोन दिवस उशिरा आली तरी रक्तदाबाची गोळी चुकता कामा नये.

विजेच्या वस्तूंत फक्त मोबाइलचा चार्जर आणि चपट्या दोन पात्यांचा अ‍ॅडॉप्टर. इथे १२० व्होल्ट असतात, त्यामुळे आपला मिक्सर नुसता घरघरतो आणि चटणी होत नाही. पॉवर बँक हातातच ठेवायची, बॅगेत नाही. वीस हजार एमएएचची चालते, ती ७४ वॅट-अवर भरते आणि सर्वसाधारण मर्यादा १००ची आहे.

आता बेरीज. बॅग साडेतीन, कपडे सहा, चपला आणि किरकोळ दीड, खाऊ तीन, भेटवस्तू दीड. साडेपंधरा किलो. घरी बॅगेचा काटा नसेल तर आधी नुसते माणसांच्या वजनकाट्यावर उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. काउंटरवरचा काटा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून बावीसच्या वर कधीच जाऊ नका.

ही मोकळी जागा कळली की शेजारच्या काकू ‘आमच्या बंड्यासाठी एवढंसं’ म्हणून डबा घेऊन येतात. उघडून बघता येणार असेल तर घ्या. टेप मारलेलं पार्सल घेऊ नका, कारण ‘बॅग तुम्हीच भरली का’ हा प्रश्न काउंटरवर तुम्हाला विचारला जातो, काकूंना नाही.

तळाशी घडी घातलेली एक कापडी डफल बॅग टाकून ठेवा, अर्ध्या किलोची. परतीला चॉकलेटं, बदाम आणि नातवंडांनी काढलेली चित्रं तिच्यात येतात.