निळ्या पेनाने खोडलेला मंगळवार

गेल्या बुधवारी ऑफिसातून येताना पावसाने गाठलं म्हणून वाटेतल्या एका पबमध्ये शिरले. खिडकीच्या कट्ट्यावर आम्ही काढतो त्या पबच्या बातम्यांच्या अंकाचा गठ्ठा होता. सवयीने एक उचलला, पान ११ उघडलं आणि उभीच राहिले. एका पबपुढे छापलेल्या ‘मंगळवारी बंद’ मधला मंगळवार निळ्या बॉलपेनाने, पट्टी लावून आखावा तसा सरळ खोडला होता. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: सोमवार. दुसरा अंक उघडला, त्यातही तेच. गठ्ठ्यातल्या प्रत्येक अंकात.

चूक माझी होती.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. त्यातली तीन मी ‘कॅमरा’च्या (‘कॅम्पेन फॉर रिअल एल’; एल हा बिअरचा एक प्रकार) आमच्या शाखेच्या त्रैमासिकात पबच्या बातम्यांची पानं लावते. मोठ्या कंपन्यांची गॅसवर चालणारी बिअर सगळीकडे पसरत चालली होती, तेव्हा पिंपातच पुन्हा आंबणारी आणि हातपंपाने ओढून ग्लासात येणारी जुनी एल टिकावी म्हणून १९७१ साली चार मित्रांनी ही चळवळ सुरू केली. आमचा अंक ४० पानांचा आणि फुकट. छपाईचा खर्च जाहिरातींतून निघतो. लिहिणारे, फोटो काढणारे, प्रुफं बघणारे आणि पबोपबी अंक पोचवणारे यांतल्या कुणालाही एक पेनी मिळत नाही.

आता ती चूक. एका खेड्यातल्या पबमालकाने फोन करून सांगितलं होतं की सोमवारी बंद ठेवणार. त्याचं कारणही मला पाठ आहे. ९ गॅलनच्या पिंपात ७२ पिंट बिअर असते, आणि पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपावं लागतं, नाहीतर चव उतरते. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी पिंप उघडणं म्हणजे बिअर मोरीत ओतणं. हे सगळं माहीत असून मी ट्रेनमध्ये घाईघाईत मंगळवार लिहून घेतला. एक आजोबा आमचा अंक वाचून सोमवारी बसने तिथे गेले आणि बंद दारासमोर परतीच्या बसची वाट बघत तासभर थांबले. त्यांचं हाताने लिहिलेलं पत्र संपादकांनी बैठकीत वाचून दाखवलं. कुणी मला बोललं नाही. ‘दुरुस्ती पुढच्या अंकात पान ३ वर’, एवढंच ठरलं. शेवटच्या पानावर कोपऱ्यात दिली तर चालणार नाही का, असं मी विचारलंही. नाही म्हणाले.

मला वाटलं, विषय संपला.

पण त्या भागात अंक टाकणारे गृहस्थ ७४ वर्षांचे आहेत. रेल्वेच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते बैठकीतून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पेन घेऊन निघाले. त्यांच्या वाट्याला नऊ पब, म्हणजे कितीतरी शे अंक. प्रत्येक पबमध्ये अर्धा पिंट घ्यायचा (नुसतं आत जाऊन अंक ठेवून यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे), टेबलावर गठ्ठा घ्यायचा, एकेक अंक उघडून पान ११ काढायचं, खोडायचं, लिहायचं, मिटायचं. चार दिवस लागले. मला कळवलं नाही, संपादकांनाही नाही. मी फोन केला तर म्हणाले, “बसला पैसे पडतात गं.”

मी तेव्हापासून अस्वस्थ आहे. आमच्या वर्ध्यात एका मंडळाच्या स्मरणिकेत माझ्या आजोबांचं नाव चुकीचं छापलं होतं. बाबा सांगायला गेले तर “आता छापून झालंय” असं उत्तर मिळालं. अंक नंतर वर्षानुवर्षं कार्यालयात पडून होते. पेन तिथेही होतंच की.

तरी इथल्या कुणी स्वयंसेवेचे धडे दिले तर मी ऐकून घेत नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याकडे पदरमोड करून अंक काढणारी माणसं आहेत, आणि तेही कथाकवितांचे. बाबा वाचनालयातून एकेक दिवाळी अंक आणायचे, तो दोन दिवसांत वाचून परत करायचा. प्रूफ वाचायची नजर मला तिथूनच मिळाली.

आता आईचा प्रश्न: दारूबंदीच्या जिल्ह्यातली मुलगी दारूचा अंक काढते? आई, मी आजही दारूबंदीच्या बाजूची आहे. हातभट्टीने आपल्या गल्लीतली घरं कशी बसली ते मी पाहिलंय, मोर्च्यात तुझं बोट धरून चाललेय. पण इथल्या खेड्यातला पब म्हणजे बायको गेलेल्या माणसाला दिवसभरात कुणीतरी नावाने हाक मारेल अशी एकच जागा. तो बंद पडला की तिथे फ्लॅट होतात. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला नियोजन परवानगी लागते, ती या लोकांच्या पाठपुराव्यामुळे. मी त्या जागांचे दिवस आणि वेळा छापते. एवढंच माझं काम, आणि ते बिनचूक हवं.

पुढचा अंक शुक्रवारी छापखान्यात जातो. यादीतल्या २३ पबना मी स्वतः फोन केले आणि फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला वार दोनदा म्हणायला लावला. चौघांनी अजून फोन उचललेला नाही. तिघांकडे उद्या बसने जाऊन येते. चौथा लांब आहे, तिथे शनिवारी जायला हवं होतं, पण शनिवारपर्यंत पानं गेलेली असतील. म्हणून गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.