पेत्राने मागे घेतलेले पाय

आम्ही गुरुवार पेठेतले. पंचहौदाचं पवित्र नाम देवालय हे आमचं चर्च घराजवळ, आणि माउलींची पालखी जिथे उतरते ते भवानी पेठेतलं पालखी विठोबा मंदिरही हाकेच्या अंतरावर. माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात एकाच दिवशी येते आणि मधला एक दिवस विसावते. त्या दिवशी आमच्या पेठांत कुणी फुकट दाढ्या करून देतं, कुणी तुटक्या चपला शिवून देतं, कुणी पाय चेपतं. मी दरवर्षी तेलाची बाटली घेऊन पाय चेपायला बसते.

बसते ती बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायामुळे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे काम गुलामाचं. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, कितीतरी चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. ते पाय मात्र घरून स्वच्छ होऊन आलेले असतात. वारकऱ्याच्या टाचेच्या भेगांत चिखल वाळलेला असतो, नख काळंनिळं पडलेलं असतं. सेवा म्हणजे काय ते मला चर्चपेक्षा तिथे जास्त उमगलं, हे मी मनापासून सांगते.

यंदा ओळखीच्या काकूंच्या दिंडीतून सासवडपर्यंत चालले. टप्पा लांबचा, तीसेक किलोमीटरचा, आणि शेवटी दिवे घाट. शिंदे छत्री, मग हडपसर. तिथून तुकोबांची पालखी लोणी काळभोरची वाट धरते. उरुळी देवाची येईपर्यंत माझ्या टाचेला फोड आले होते. वडकी नाल्याला विसाव्याला बसले, तर दिंडीतल्या परभणीकडच्या एक आजी समोर येऊन टेकल्या.

"काढ गं तो बूट. बघू दे."

मी पाय मागे घेतला. "नको आजी, तुम्ही मोठ्या."

"मोठी कोन इथं? आण इकडं."

पिण्यासाठी भरून घेतलेल्या बाटलीतलं पाणी त्यांनी माझ्या पायावर ओतलं, पदराने टिपलं आणि खोबरेल लावलं. मला इतका संकोच वाटला की वर बघवेना. आणि पाय धुवून घ्यायला नकार देणारा येशूचा शिष्य पेत्र आठवला. "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत," असं तो येशूला म्हणतो. मी ते नेहमी आदराचं बोलणं समजत आले होते. पण मला तर तिथे वरचढपणा सोडवत नव्हता. तेल घेऊन बसलेली मी देणारी असते. पाय पुढे केला की आपल्याकडे काही नाही हे कबूल करावं लागतं. येशूने पेत्राचं ऐकलं नाही. मी तुला धुतलं नाही, तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. तो चढ चढताना मी आजींना ही गोष्ट सांगितली, मी ख्रिस्ती आहे हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याचे पाय कुनी धुतले?"

इतकी वर्षं चर्चमध्ये बसून हा प्रश्न मला सुचला नव्हता. उत्तर आदल्याच अध्यायात आहे. बेथानी गावात येशूच्या मित्राची, लाजाराची, बहीण मरीया येशूच्या पायांना जटामांसीचं मोलाचं तेल लावते आणि आपल्या केसांनी ते पुसते. तो तिला अडवत नाही. उलट, हे तेल ३०० दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही, असं म्हणणाऱ्या यहूदा या शिष्यालाच तो गप्प करतो. आधी स्वतःचे पाय त्याने दुसऱ्याच्या हाती दिले, शिष्यांचे धुतले ते नंतर.

"तीनशे म्हंजी किती?" आजींनी विचारलं. त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार होता, म्हणजे जवळजवळ वर्षाची मजुरी, असं मी सांगितलं. आजी जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोजाने राबलेल्या.

"वर्साची मजुरी! आन् त्यानं घितली लावून? बरं केलं बाई, तिचं मन ऱ्हायलं."

मग मागच्या ओळीतल्या बायकांकडे वळून त्यांनी गोष्ट नव्याने सुरू केली, तेलाच्या किमतीपासून.