डाव्या चाकाची खरखर, ६८,१०० किमी

मागची नोंद क्लच केबलची होती. यावेळी पुढचे ब्रेक पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती (डिस्क) दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, आणि जरा सविस्तर लिहितोय. पॅड संपल्याच्या ज्या खुणा आपण एकमेकांना सांगतो, त्यातल्या निम्म्या माझ्या गाडीत दिसल्याच नाहीत.

सुरुवात आईपासून झाली. जुलैतल्या रविवारी सिंहगडावरून उतरत होतो, ती पुढे डावीकडे बसली होती. मध्येच म्हणाली, "अरे, या बाजूनं तवा खरवडल्यासारखा आवाज येतोय." माझ्या काचेतून काहीच ऐकू येत नव्हतं. तिची काच खाली केली आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला. खर्र. पाय काढला की गप्प.

पावसाळ्यात हा आवाज फसवतो. डिस्क बिडाची, त्यामुळे रात्रभर पाऊस लागला की सकाळपर्यंत तिच्यावर तांबूस गंज चढतो आणि सोसायटीच्या गेटपर्यंतचे पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात. तो थर घासून निघाला की आवाज जातो. हा मात्र गोळेवाडी गेलं, डोणजे आलं तरी प्रत्येक ब्रेकला होताच. उरलेलं अंतर दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहून काढलं आणि गाडी घरी लावली ती लावलीच.

संध्याकाळी बॉनेट उघडलं. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला ब्रेक ऑइल जातं आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. माझी डबी मात्र वरच्या रेषेपर्यंत भरलेली. मग आठवलं, एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा बिलात ब्रेक ऑइल टॉप-अप लिहिलेलं होतं. म्हणजे पातळी उतरली होती. ती का उतरली हे कुणी पाहिलं नाही, वरून ऑइल ओतलं आणि खूणच पुसून टाकली. याचा मला खरंच राग आला. ऑइल कमी दिसलं तर आधी पॅड बघा आणि गळती बघा, बाटली नंतर.

चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड चांगला ६ मिमी दिसत होता. नवा पॅड १० मिमीच्या आसपास असतो आणि ३ मिमीला बदलायचाच, या हिशोबानं अजून बरंच आयुष्य बाकी. इथेच बरेच जण थांबतात. (मोजताना मागची लोखंडी पाटी धरू नका. ती एकटीच ५ मिमीच्या घरात असते आणि घाईत तीच पॅड वाटते.) आतला पॅड बघायला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं, म्हणजे डाव्या चाकाची मागची कड बाहेर येते, आणि मोबाईल आत घालून व्हिडिओ काढला. वरच्या टोकाला ३ मिमी. खालच्या टोकाला पाटी थेट डिस्कला लागलेली, आणि डिस्कवर चांदीसारखी चकचकीत रेघ.

दुसऱ्या दिवशी खोललं. मागच्या चाकांना विटा, नट आधी जमिनीवरच सैल, मग जॅक आणि खाली स्टँड. फक्त जॅकच्या भरवशावर मी हात आत घालत नाही. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. माझी खालची पिन जाम होती. तिचा रबरी बूट फाटलेला, आत पाणी शिरून गंज. कॅलिपर सरकत नव्हता, म्हणून सगळा भार आतल्या पॅडवर, तोही तिरका. उजव्या चाकाचे पॅड आत ४, बाहेर ५. तेवढा फरक चालतो.

आता शिट्टीबद्दल. बऱ्याच पॅडना स्प्रिंग पोलादाचा एक छोटा पत्रा असतो. पॅड २-३ मिमीवर आला की तो डिस्कला टेकतो आणि हलक्या ब्रेकला कर्कश, बारीक आवाज काढतो. मी वाट बघत होतो त्या आवाजाची, आणि जुना सेट हातात घेतला तर त्याला पत्राच नव्हता! ४०,६०० किमीला घाईत मिळेल तो सेट टाकला होता, त्याचं हे फळ. म्हणून नाना पेठेत पहिल्याच दुकानात सांगितलं, "दादा, शिट्टीचा पत्रा असलेला दाखवा." त्यांनी दोन डबे उघडून समोर ठेवले, पत्रा दाखवला आणि वर विचारलं, "पिनांचे बूट घेतले का?" घेतले. नवा सेट दोन्ही चाकांना टाकला. एका बाजूचे जुने ठेवले तर ब्रेकला गाडी ओढते.

डिस्क वाचली. तिच्यावर किमान जाडी १५ मिमी कोरलेली आहे. कडेला न घासलेली कंगोऱ्यासारखी धार असते, जाडी मोजायचा वर्निअर तिच्यावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरून माप घेतलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. १६.२ मिमी. रेघ नखाला जेमतेम लागते, राहू दिली. पेडल थरथरत असतं तर डिस्कही बदलली असती.

पिन पॉलिश पेपरनं घासली, नवा बूट, आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. पिस्टन सी-क्लॅम्पनं आत ढकलण्याआधी डबीतलं थोडं ऑइल सिरिंजनं काढलं. वरपर्यंत भरलेलं होतं, उतू गेलं असतं तर रंग खाल्ला असता. कॅलिपर तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवला, पाइपवर लोंबकळू दिला नाही. सगळं बसवल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारलं. हे विसरलं तर पहिला ब्रेक थेट फळीला टेकतो.

रविवारी पहाटे पाषाणच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर घासून बसवून घेतले: ५० वरून २० पर्यंत एकसारखा ब्रेक, पूर्ण न थांबता, दहा वेळा, मध्ये मध्ये गार व्हायला वेळ देत.

६८,६२० किमी. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाचा उतार उतरून आलो आणि गाडी बाजूला घेऊन दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात धरला, न टेकवता. धग सारखी, म्हणजे डावीकडे आता काही अडकत नाही. आतले पॅड दोन्हीकडे साडेनऊच्या वर. आई डावीकडेच बसली होती, तिची काच पूर्ण खाली होती. म्हणाली, आता नुसता वारा ऐकू येतोय.

पुढच्या रविवारी मागच्या चाकांचे ब्रेक, म्हणजे ड्रम, उघडतो. हँडब्रेक सात खाचा चढतोय.