तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रिजवरची ती टोपीवाली पोरं

आमच्याकडे जेवायला आलेलं कुणीही थंड पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेलं की त्यावर लावलेलं पान बघून विचारतंच, ही कुठली कॉमिक स्ट्रिप गं, पीनट्सची (तीच, चार्ली ब्राउन आणि स्नूपीवाली) कॉपी आहे का? आणि लगेच दुसरं, ह्या काळ्या पोराच्या डोक्यावर कॉन्फेडरेट सैन्याची, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याची, टोपी कशी काय? परवा गणपतीला चौघांनी विचारलं आणि नेमकी तेव्हाच आमटी उतू जात होती, म्हणून "सांगते नंतर" म्हणाले. तर हे नंतर.

कॉपी नाहीये, पण नातं आहे. स्ट्रिपचं नाव वी पॅल्स, काढणारे मॉरी टर्नर, 1923 चा जन्म, गाव ओकलंड, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटहून बार्ट ट्रेनने पाऊण तासही नाही. वडील रेल्वेत पोर्टर होते, हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात टस्कीगी एअरमन ह्या काळ्या वैमानिकांच्या तुकडीत, मग ओकलंडच्या पोलीस खात्यात क्लार्क, आणि उरलेल्या वेळात कार्टून. कार्टूनमध्ये काळी पोरं का नसतात असं त्यांनी थेट पीनट्स काढणाऱ्या चार्ल्स शुल्झनाच विचारलं, तर शुल्झ म्हणाले, मग तूच काढ की. त्यांनी काढलं. आधी डिंकी फेलाज, त्यात सगळी काळी मुलं, आणि मग फेब्रुवारी 1965 मध्ये वी पॅल्स, ज्यात निपर, रँडी, डिझ, सिबिल ह्या काळ्या पोरांच्या जोडीला चायनीज जॉर्ज, ज्यू जेरी, नेटिव्ह अमेरिकन रॉकी, जाड भिंगांचा गोरा ऑलिव्हर, आणि बायकांच्या हक्कांवरून सगळ्यांना दमात घेणारी कॉनी. पुढे व्हीलचेअरवरची शार्लट आणि ऐकू न येणारी सॅलीही आली. ह्या सगळ्या गँगची घोषणा, रेनबो पॉवर.

पहिली तीन वर्षं कुणी फारसं विचारलं नाही, जेमतेम पाचेक पेपर छापत होते. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली, आणि बघता बघता आकडा शंभरावर गेला. संपादकांना अचानक ही पोरं हवीशी झाली. आपल्या हीरोच्या खुनातून आपला फायदा होतोय ही बोच टर्नरांना राहिली, ते नंतर मुलाखतीत बोललेत त्यावर. आणि गंमत बघा (गंमत कसली!), पीनट्समध्ये फ्रँकलिन हा पहिला काळा मुलगा आला तोही त्याच वर्षी, जुलैच्या शेवटी.

आता टोपी. निपर हा त्यातला हीरो, आणि गुलामी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याची टोपी डोळ्यांवर ओढून हिंडतो, कुत्र्याचं नाव जनरल ली, त्याच सैन्याच्या सेनापतीचं! ह्याचा अर्थ क्षमा असा लावतात. मला अर्धाच पटतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, टोपीने डोळे झाकलेत म्हणजे त्याला कुणाचा रंग दिसतच नाही. मी म्हणते काहीतरीच, काढणाऱ्याला रोज रोज डोळे काढायचा कंटाळा आला असेल.

पण खरं सांगू का, ते पान मी टोपीसाठी लावलेलंच नाही. ते आहे राल्फसाठी. कोपऱ्यात, आंब्याच्या मॅग्नेटखाली अर्धा दबलेला. हा त्यांच्यातला वर्णद्वेषी. घरी ऐकलेलं जसंच्या तसं पोरांत येऊन बोलतो, बाकीचे त्याला सुनावतात, वाद घालतात, आणि दुसऱ्या दिवशी तो परत खेळायला हजर. त्याला हाकलत नाहीत. जोक बरेचदा साधेच असतात, खो खो हसाल असं काही नाही, पण राल्फला गँगमध्ये ठेवणं मला फार म्हणजे फार हुशारीचं वाटतं.

का, ते सांगते. लेक तेव्हा सात वर्षांची, पोहण्याच्या क्लासहून मी तिला आणि तिच्या मैत्रिणीला घरी आणत होते, फ्रीवेवर ओकलंडची पाटी आली आणि माझी लेक मोठ्या माहीतगारासारखी म्हणाली, इथे गाडी थांबवायची नाही, इथे तसले लोक राहतात. शब्द न् शब्द माझा होता. हेल पण माझाच, मी फोनवर बहिणीला घरांच्या किमती सांगताना काढते तो. मैत्रीण म्हणाली, माझी आजी राहते इथे. आणि ओला टॉवेल मांडीवर नीट घडी करत बसली, परत उलगडला, परत घडी केली. मी आरशात बघितलं नाही.

ते पान आलं त्यानंतर काही महिन्यांनी, बर्कलीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या संग्रहातून, बाइंडिंग सुटलं होतं म्हणून आपोआपच निघालं. लेकीने विचारलं, ह्या राल्फला कुणी शिकवलं असं बोलायला? मी म्हटलं, घरी. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

हे सगळं मी गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला त्याच फ्रिजसमोर उभं राहून सांगितलं, टर्नर, किंग, राल्फ, टॉवेल, सगळं. तिने मन लावून ऐकलं, डोळे पण पाणावले थोडे. मग म्हणाली, ते एका दुकानाचं सांगत होतीस ना ओकलंडमधल्या, जायचंय गं, पण गाडी कुठे लावतेस तिकडे?